सणाच्या देण्याचे माप

दान करावे की न करावे, हा प्रश्न आपल्याकडे फारसा कोणी विचारीत नाही. दान किती करावे, हा प्रश्न मात्र मनातल्या मनात सर्वच विचारतात आणि उघडपणे विचारण्यास बहुतेक जण संकोचतात. दानाच्या पावित्र्यास हिशेबाचा स्पर्श होऊ नये, अशी एक समजूत या संकोचाच्या मुळाशी आहे. आमच्या मते ही समजूत बरोबर नाही. जेथे दुसऱ्याचे मन दुखावण्याचा संभव असतो, तेथे माप चुकणे हा केवळ व्यवहारातला दोष राहत नाही. तो नीतीतला दोष होतो. म्हणून या प्रश्नाचा थोडा सावकाश विचार करावा, असे आम्हांस वाटते.

दिवाळी जवळ आली म्हणजे हा प्रश्न घरोघर उभा राहतो. शाळा, सेवाभावी मंडळे, गृहनिर्माण संस्था गरजू कुटुंबांच्या याद्या करतात. कोणाकडे फराळ पोचवावयाचा, कोणाच्या मुलांस कपडे द्यावयाचे, हे ठरते. आणि यादी हाती पडताच पतिपत्नींमध्ये बोलणे सुरू होते. पाचशे रुपये फार थोडे तर होणार नाहीत? पाच हजार दिले तर जास्त तर दिसणार नाहीत? या प्रश्नात ‘दिसणार’ हा शब्द येतो, तेथेच विचार वाट चुकतो. देणे कसे दिसेल यावरून त्याचे माप ठरविणे म्हणजे देणाऱ्याच्या आरशात पाहून घेणाऱ्यासाठी अंगरखा बेतणे होय.

मूळ प्रश्नाकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट बाजूस काढून ठेवणे अवश्य आहे. जे मुळी दानच नाही, त्याची गणना दानात होता कामा नये. घरी धुणेभांडी करणाऱ्या बाई, स्वयंपाकीण, रखवालदार यांस दिवाळीत पोस्त देण्याची आपली जुनी रीत आहे. ही पोस्त म्हणजे कृपा नव्हे. वर्षभर केलेल्या श्रमाचा तो राहिलेला भाग आहे. कारखान्यांतील कामगारांच्या बाबतीत कायद्याने हे तत्त्व मान्य केले. बोनस कायद्याने वार्षिक वेतनाच्या ८.३३ टक्के, म्हणजे सुमारे एका महिन्याचा पगार, हा किमान बोनस ठरविला. २०१९ च्या वेतनसंहितेतही तोच किमान दर कायम ठेवण्यात आला. हा नियम वीस किंवा अधिक माणसे काम करीत असलेल्या आस्थापनांसाठी आहे. आपल्या स्वयंपाकघरापर्यंत तो पोचत नाही. परंतु कायदा उंबरठ्याशी थांबला म्हणून न्यायानेही तेथेच थांबावे, असे कोणता विचारी मनुष्य म्हणेल? आपल्याकडे काम करणाऱ्या बाईस एका महिन्याचा पगार देऊन तो ‘यंदाच्या दानधर्मात’ लिहिणारा गृहस्थ ऋण फेडून उपकाराची पावती मागत असतो. तेव्हा देणे आधी फेडावे. दानाचा विचार त्यानंतर सुरू होतो.

येथे दोन आक्षेपक आपणांस अडवितात. पहिला आक्षेपक कठोर नीतिवादी आहे. तो म्हणतो, उपासमारीने व औषधावाचून माणसे मरत असता चकल्या आणि नवे कपडे यांवर पैसा कशास घालवावा? हा आक्षेप क्षुल्लक नव्हे. १९७१ साली पूर्व बंगालमधून लक्षावधी निर्वासित भारतात आले, त्या प्रसंगास अनुलक्षून पीटर सिंगर या तत्त्वज्ञाने १९७२ साली एक प्रसिद्ध निबंध लिहिला. तुल्य महत्त्वाच्या कशाचाही त्याग न करता एखादे मोठे अनिष्ट टाळता येत असेल, तर ते टाळणे हे आपले कर्तव्य आहे, त्यात औदार्याचा प्रश्न नाही, असा त्याचा सिद्धांत आहे. या सिद्धांतापुढे दिवाळीचा फराळ टिकतो काय?

आमच्या मते टिकतो. मात्र एका अटीवर. गरज म्हणजे केवळ जीव तगण्यापुरते अन्न, ही व्याख्याच अपुरी आहे. ॲडम स्मिथने १७७६ च्या आपल्या ग्रंथात हे स्पष्ट केले आहे. ज्या वस्तूवाचून समाजाच्या रीतीप्रमाणे प्रतिष्ठित मनुष्यास, मग तो अगदी खालच्या वर्गातला का असेना, लाज वाटेल, तीही त्याने आवश्यक वस्तूंतच गणली. आणि त्याच्या काळच्या युरोपातील मजुराचा तागाचा सदरा हे त्याचे उदाहरण दिले. आपल्या समाजात दिवाळीच्या पहाटे मुलाच्या अंगास उटणे लागावे आणि शेजारच्या मुलाने काय खाल्ले असे विचारले असता त्याला खाली मान घालावी लागू नये, ही तशाच प्रकारची गरज आहे. इस्लाम धर्मातील फित्र्याची योजना या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. रमजान ईदच्या नमाजापूर्वी घरातील प्रत्येक माणसामागे, तान्ह्या मुलामागेसुद्धा, एक ठराविक माप धान्य किंवा त्याची किंमत गरिबास द्यावयाची असते. सणाच्या दिवशी कोणासही हात पसरावा लागू नये, हा त्यातला हेतू. जकात ही वेगळी. ती शिलकी संपत्तीच्या अडीच टक्के. म्हणजे वर्षाचे दारिद्र्य आणि सणाचा दिवस यांसाठी दोन निरनिराळी मापे योजिली आहेत. आमची अट ती हीच. सणाच्या देण्याने वर्षाच्या देण्याची जागा घेऊ नये. जो दिवाळीत मिठाईचा पुडा देतो आणि जून महिन्यात त्याच मुलाच्या वह्यापुस्तकांची विचारपूस करीत नाही, त्याच्यावर सिंगरचा आक्षेप पूर्णपणे लागू पडतो.

दुसरा आक्षेपक अर्थशास्त्रज्ञ आहे. तो म्हणतो, वस्तू देऊच नका, पैसे द्या. जोएल वॉल्डफोगेल या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९९३ साली नाताळच्या भेटींचा हिशेब मांडून असे दाखविले की, भेटीच्या किमतीचा एक दशांशापासून एक तृतीयांशापर्यंतचा भाग घेणाऱ्याच्या दृष्टीने वाया जातो. कारण त्या पैशांत त्याने स्वतः निराळे काही घेतले असते. यात तथ्य आहे. परक्या घरी कोणत्या मापाचे कपडे हवेत, साखर हवी की डाळ, हे त्या घरची गृहिणी आपल्याहून निश्चित अधिक जाणते. तथापि पैशाचे पाकीट हातावर ठेवताना घेणाऱ्याची मान खाली जाते, तितकी शिध्याचे ताट घेताना जात नाही, हाही आपल्याकडचा अनुभव आहे. २०२२ च्या दिवाळीत महाराष्ट्र सरकारने शिधापत्रिकाधारक कुटुंबांस ‘आनंदाचा शिधा’ दिला. त्यात रवा, चणाडाळ व साखर प्रत्येकी एक किलो आणि पामतेल एक लिटर इतके जिन्नस होते, आणि त्याबद्दल शंभर रुपये घेण्यात आले. त्या योजनेचे राजकीय गुणदोष काहीही असोत, तिच्यातील दोन गोष्टी आम्हांस विचार करण्यासारख्या वाटतात. एक, तयार लाडू न देता लाडवाचे साहित्य दिले. त्यामुळे ते त्या घरच्या चुलीवर, त्या घरच्या आईच्या हातचे झाले. आणि दोन, थोडे का होईना मोल घेतले. त्यामुळे घेणारा गिऱ्हाईक राहिला, याचक झाला नाही.

आता खुद्द मापाकडे वळू. कोणत्याही मापास दोन टोके असतात. खालचे टोक ओळखणे सोपे आहे. जी वस्तू आपण आपल्या बहिणीच्या मुलास देणार नाही, ती परक्याच्या मुलास देऊ नये. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात कपाटे रिकामी करावी आणि विटलेले कपडे, चाके निखळलेली खेळणी ‘गरिबांस उपयोगी पडतील’ म्हणून बांधून द्यावी, यात घर स्वच्छ होते खरे. पण त्यास दान म्हणणे कठीण आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगताना, देश, काल व पात्र न पाहता, सत्कारावाचून व अवज्ञेने दिलेल्या दानास तामस म्हटले आहे. तेथे रकमेचा उल्लेख नाही, वृत्तीचा आहे. पाच किलो रवा दिला तरी देण्याचे दान तामस होऊ शकते, आणि वाटीभर साखरेचे सात्त्विक.

वरचे टोक ओळखणे मात्र अवघड. आणि सुशिक्षित, सहृदय माणसाकडून चूक होते ती बहुधा येथेच. अधिक देण्यात दोष तो काय असणार, असे त्यास वाटते. पण कल्पना करा. एका मजुराने महिनाभर चार पैसे बाजूस ठेवून मुलीसाठी साधा परकर-पोलका आणला आहे. त्याच संध्याकाळी कोणी दाता येतो आणि त्या मुलीच्या हाती त्याच्या दसपट किमतीचा झगा ठेवतो. मुलगी नाचते, दात्याचे डोळे भरून येतात. आणि बापाने आणलेला परकर खुंटीवरच राहतो. त्या घरात त्या दिवशी काहीतरी आले हे खरे, पण काहीतरी गेलेही. मुलांच्या दृष्टीने घरात आनंद आणणारा जो आपला बाप, त्याची जागा एका परक्याने घेतली. आईबापांच्या मायेस झाकून टाकणारे देणे कितीही मौल्यवान असो, ते प्रमाणाबाहेरचे समजावे. अशा वेळी झगा बापाच्या हाती आधी गुपचूप पोचविला असता, तर तेवढ्याच पैशांत दुप्पट पुण्य झाले असते.

या वरच्या मर्यादेचे एक सुंदर माप आपल्या आयाबहिणींनी केव्हाच करून ठेविले आहे. शेजारणीकडून वाटी आली तर ती रिकामी परत पाठवावयाची नाही; घरात काही नसले तर चिमूटभर साखर घालून पाठवावी, असा आपला रिवाज आहे. या चिमूटभर साखरेत मोठे तत्त्वज्ञान भरले आहे. ती घेणारीस देणारी बनविते. मार्सेल मोस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९२५ साली भेटीसंबंधीच्या आपल्या निबंधात निरनिराळ्या समाजांचे दाखले देऊन हेच प्रतिपादिले की, देणे, घेणे आणि परत देणे या तिन्ही गोष्टी एकाच बंधनाच्या आहेत, आणि परत करता न येणारी भेट घेणाऱ्यास खाली ओढते. तेव्हा आमचे माप असे: ज्या देण्यास ते घर चिमूटभर साखरेने का होईना उत्तर देऊ शकेल, ते देणे प्रमाणात आहे, ज्याच्यापुढे साखरेची चिमूट काढावयासही हात लाजेल, ते प्रमाणाबाहेर आहे. आणि ती साखर आली तर ती घेतली पाहिजे. त्या घरच्या चकलीच्या ताटलीस ‘अहो, तुम्ही कशाला त्रास घेतलात?’ म्हणून मागे सारणे हा अपमान आहे. सुदाम्याचे पोहे श्रीकृष्णाने मागून, ओढून घेऊन खाल्ले. आणि आपण जे दिले ते त्याच्या हातावर ठेवले नाही, तो घरी पोचला तेव्हाच त्यास कळले. दात्याने शिकावयाचा सर्व धडा या एका कथेत आहे.

एका कुटुंबास भरपूर द्यावे की दहा कुटुंबांस थोडे थोडे, असाही प्रश्न पुष्कळदा निघतो. वरील विवेचनावरून त्याचे उत्तर बहुतांशी निघते. सणापुरते देणे थोडे असावे व अनेकांस पोचावे. कारण सणाची गरज ज्याच्या त्याच्या घरी सारखीच असते, आणि चाळीत एकाच घरी भरघोस भेट गेली तर शेजारच्या नऊ घरांची दिवाळी आंबट होते. याच्या उलट शिक्षण, औषधपाणी, डोक्यावरचे छप्पर यांसाठी द्यावयाचे ते एकास पुरेसे द्यावे. तेथे अर्धवट मदत कित्येकदा फुकट जाते.

राहता राहिला प्रश्न देणाऱ्याच्या ऐपतीचा. बलिप्रतिपदा ही दिवाळीतच येते, आणि तिच्या कथेत या प्रश्नाची दोन्ही उत्तरे आहेत. भागवतात शुक्राचार्य बळीस सांगतात की, मनुष्याने आपल्या द्रव्याचे पाच भाग करावे. धर्मासाठी एक, कीर्तीसाठी एक, द्रव्य वाढविण्यासाठी एक, उपभोगासाठी एक आणि स्वजनांसाठी एक. बळीने ते ऐकले नाही; त्याने सर्वस्व दिले. आज आपण पूजा करतो ती बळीची. तरीही गृहस्थाश्रमी माणसास शुक्राचार्यांचा सल्ला टाकाऊ वाटण्याचे कारण नाही. त्यातला मर्म रकमेत नसून क्रमात आहे: धर्माचा भाग पहिला. आपल्या घरच्या साड्या, फटाके, मिठाया यांची खरेदी आटोपल्यावर उरेल त्यातून देणे, आणि सणाचा खर्च ठरवितानाच त्यातला एक निश्चित अंश दुसऱ्या घरासाठी आधी काढून ठेवणे, या दोहोंत रक्कम कदाचित तीच निघेल. पण पहिल्यात आपण उरलेले देतो, दुसऱ्यात वाटणी करतो. तो अंश दशांश असावा की पंचमांश, हे ज्याने त्याने आपल्या कुटुंबाशी विचार करून ठरवावे. आमचे म्हणणे एवढेच की, तो असा असावा की पुढील वर्षीही देता येईल, आणि असा असावा की आपल्या घरच्या ताटात त्याची उणीव किंचित जाणवेल. मुळीच न जाणवणारे देणे फार थोडे असते.

तैत्तिरीय उपनिषदात गुरू शिष्यास निरोप देताना, दान श्रद्धेने करावे, विनयाने करावे, समजून-उमजून करावे असे सांगतो. आणि त्यातच, देताना लाज असावी असेही सांगतो. ही लाज देणाऱ्याची आहे. हल्ली शिध्याची पिशवी देतानाचे चित्र काढून ते चहूकडे पाठविण्याची जी रीत पडली आहे, तिच्यात ही लाज बरोबर उलट्या जागी जाऊन बसते. दाता हसत असतो आणि पिशवी धरलेली आई दुसरीकडे पाहत असते. किती द्यावे याचा निर्णय ज्यांना अद्यापि करता येत नसेल, त्यांनी त्या आईच्या नजरेकडे पाहावे. जेवढे दिले असता ती नजर वर उठून आपल्या नजरेस मिळते, तेवढे द्यावे. उरलेले वर्षभर, निराळ्या वाटेने आणि नाव न सांगता पोचवावे.