हिरवं बटण आणि ‘ध’चा ‘मा’

गिटहबला एआय सहाय्यक जोडायला दोन मिनिटंही लागत नाहीत. एक पान उघडतं. ‘सगळे रेपो, की फक्त निवडलेले?’ असा प्रश्न असतो. परवानग्यांची यादी असते: कोड वाचणं, कोड लिहिणं, इश्यू, पुल रिक्वेस्ट. आणि एक हिरवं बटण. घाटकोपरहून मेट्रो सुटली की मरोळ नाका यायच्या आत हे काम फोनवर उरकतं. निवडत कोण बसणार, म्हणून बोट सहसा ‘सगळे’वरच जातं.

या बटणामागचा प्रश्न मात्र संगणकाहून जुना आहे. आपलं नाव दुसऱ्याच्या हातात द्यावं का, आणि द्यायचं तर किती?

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गिट ही कोडची रोजनिशी. लिनस टोरवाल्ड्सने ती २००५ मध्ये लिहिली. कोणी, कधी, कोणती ओळ बदलली याची नोंद तिच्यात राहते. अशा रोजनिश्या ऑनलाइन ठेवायची जागा म्हणजे गिटहब. ती २००८ मध्ये सुरू झाली आणि २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने साडेसात अब्ज डॉलरला विकत घ्यायचं ठरवलं. एकेका प्रकल्पाच्या रोजनिशीला रेपो म्हणतात. बदल करायचा असेल तर आधी पुल रिक्वेस्ट टाकायची, म्हणजे ‘हा बदल घ्याल का?’ असं विचारायचं. दुसऱ्या कोणीतरी तो वाचून मंजूर करायचा.

गिटमध्ये एक कमांड आहे, ‘गिट ब्लेम’. फाइलमधल्या प्रत्येक ओळीसमोर ती एक नाव छापते. ब्लेम म्हणजे ठपका. नाव गमतीत ठेवलं असेलही, पण रात्री दोन वाजता सर्व्हर बंद पडतो तेव्हा सगळ्यात आधी हीच कमांड चालवली जाते, आणि तेव्हा कोणी हसत नाही.

नावाचा हा हिशोब गिट फार काटेकोरपणे ठेवतं. लिहिणारा वेगळा, नोंदवणारा वेगळा, अशी दोन नावं असतात. लिनक्समध्ये तिसरीही ओळ असते, ‘साइन्ड ऑफ बाय’. तिच्यामागे एक कोर्टकज्जा आहे. लिनक्समध्ये आमचा कोड घुसवला, असा दावा एससीओ या कंपनीने २००३ मध्ये आयबीएमवर केला. त्यानंतर २००४ मध्ये नियम आला की कोड पाठवणाऱ्याने स्वतःच्या नावाने लिहून द्यायचं, हा कुठून आला ते मला माहीत आहे आणि तो द्यायचा मला हक्क आहे.

आता सहाय्यकाकडे येऊ. तुमचं टोकन देऊन तुम्ही त्याला जोडलात की गिटहबच्या दृष्टीने तो म्हणजे तुम्हीच. तुम्हाला जे दिसतं ते त्याला दिसतं, तुम्ही जे बदलू शकता ते तो बदलू शकतो. जुन्या प्रकारच्या टोकनला ‘रेपो’ अशी एक परवानगी असते. ती दिली की तुमच्या आवाक्यातले सगळे खासगी रेपो त्यात आले. आपल्याला वाटतं मदतनीस ठेवला. प्रत्यक्षात आपण कुलमुखत्यारपत्र लिहून दिलेलं असतं.

मुखत्यारपत्र काय चीज आहे, हे उपनगरातल्या मध्यमवर्गीय घरांना सांगावं लागत नाही. काका अमेरिकेत, मुलुंडचा वन बीएचके विकायचाय, सह्या इथल्या भावाने करायच्या. त्यासाठी किती खल होतो! वकील म्हणतो, कुलमुखत्यारपत्र नको, या एका फ्लॅटपुरतं खास करा. स्टॅम्प लागतो, साक्षीदार लागतात, आणि ‘त्याच्यावर विश्वास आहे ना तुझा?’ असं आजी तीनदा विचारते. सख्खा भाऊ असतो तो! इकडे शंभर माणसांनी पाच वर्षं लिहिलेला कोड मरोळ नाक्याच्या आत देऊन टाकतो आपण.

भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. दिलेल्या अधिकाराच्या हद्दीत मुखत्याराने जे केलं ते मालकाला बांधील, हे त्यात तेव्हापासून आहे. पण त्या कायद्यातला मुखत्यार माणूस असतो. त्याला जाब विचारता येतो, कोर्टात उभं करता येतं. सहाय्यकाला नाही. त्यामुळे अधिकार वाटला जातो, जबाबदारी मात्र वाटली जात नाही. ती सगळीच्या सगळी देणाऱ्याकडे उरते.

त्यात आणखी एक गोम आहे. सहाय्यक तुमचं ऐकतो, पण जे वाचतो त्याचंही ऐकू शकतो. मे २०२५ मध्ये इनव्हेरियंट लॅब्जच्या संशोधकांनी हे करून दाखवलं. एका सार्वजनिक रेपोत कोणा परक्याने इश्यू टाकला, म्हणजे तक्रार नोंदवली, आणि तक्रारीच्या मजकुरातच सहाय्यकासाठी सूचना पेरल्या. मालक सहाय्यकाला म्हणाला, जरा इश्यू बघ. सहाय्यकाने ते वाचले, मालकाच्याच टोकनने खासगी रेपो उघडले, आणि तिथली माहिती जगाला दिसेल अशा पुल रिक्वेस्टमध्ये लिहून ठेवली. कुलूप कोणी तोडलं नव्हतं. मालकाने दिलेली किल्लीच वापरली गेली.

याला इंग्रजीत एक तांत्रिक नाव आहे. आपल्याकडे त्याहून चांगला वाक्प्रचार दोनशे वर्षांपासून आहे: ‘ध’चा ‘मा’. ३० ऑगस्ट १७७३, शनिवारवाडा. आख्यायिका अशी की नारायणरावाला ‘धरावे’ असा हुकूम रघुनाथरावाने गारद्यांना दिला आणि आनंदीबाईने ‘ध’चा ‘मा’ केला. ते अक्षर खरोखर कोणी बदललं की नाही हा वाद इतिहासकारांचा. मला गोष्टीचा घाट महत्त्वाचा वाटतो. हुकूम एकाने दिला, मजकूर दुसऱ्याने बदलला, तलवार तिसऱ्याने चालवली. कागदावरचं कोणतं अक्षर कोणाच्या हातचं, हे गारद्याला कळत नाही. सहाय्यकाचंही नेमकं तसंच आहे. तुमचा हुकूम आणि परक्याची तक्रार त्याच्याकडे एकाच मजकुरात येतात.

रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली आणि दोष रघुनाथरावावर ठेवला. लहानपणी या गोष्टीत मला फक्त त्यांचं धाडस दिसायचं. आता निवाडा दिसतो. मी तर फक्त ‘धरावे’ म्हटलं होतं, ही सबब त्यात टिकत नाही. हत्यारबंद माणसं कागद देऊन सोडली ना, मग वाटेत कागदाचं काय झालं याचा जाब सोडणाऱ्याकडेच. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या शेवटी मर्यादेचा शिक्का असायचा, त्याखाली कोणी काही वाढवू नये म्हणून. सहाय्यकाला जाणाऱ्या मजकुरावर असा खात्रीचा शिक्का मारायची सोय अजून तरी नाही.

मग वापरूच नये का? मी रोज वापरतो. दहा वर्षं जुना, कोणीच न समजावलेला कोड तो समजावतो. मराठी माध्यमातून आलेल्या, मीटिंगमध्ये इंग्रजीत शंका विचारायला बिचकणाऱ्या मुलांना तो न कंटाळता, हव्या त्या भाषेत उत्तर देतो. हा फायदा छोटा नाही, आणि जे लोक त्याला नाक मुरडतात त्यांना बहुतेक कधी बिचकावं लागलेलं नसतं.

एक आक्षेप मात्र रास्त आहे. आपण आधी तरी सगळं वाचून कुठे सही करत होतो? दुसऱ्यांच्या लायब्रऱ्या न वाचता घेतोच की. खरंय. आणि माणसावरचा विश्वासही फसतो. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड या छोट्या पण जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रकल्पात चोरदरवाजा सापडला. ‘जिया टॅन’ नावाच्या कोणीतरी दोन-अडीच वर्षं चांगलं काम करून, विश्वास कमावून तो बसवला होता. दार सापडल्यावर कळलं की त्या नावामागे कोण आहे हेच कोणाला माहीत नाही. म्हणजे माणूस चांगला आणि यंत्र वाईट, अशी ही विभागणी नाही. ओळीसमोरच्या नावामागे उत्तर द्यायला कोणी उभं आहे का, एवढंच बघायचं. सहाय्यकाने लिहिलेल्या ओळीमागे उभं राहणारं माणूस एकच, ती मंजूर करणारं.

ते माणूस कोण असतं, ही या सगळ्यातली मला सर्वात खुपणारी बाब.

हाउसिंग सोसायटीच्या चेकवर दोन सह्या लागतात. गिटहबच्या स्वतःच्या कोपायलट एजंटलाही तसाच नियम आहे. जिथे मंजुरी सक्तीची आहे तिथे, ज्याने एजंटला काम सांगितलं त्यालाच ते मंजूर करता येत नाही, दुसरं माणूस लागतं. नियम उत्तम आहे. पण मे महिन्यात गावी जाण्याआधी दहा कोऱ्या चेकवर सह्या करून ठेवणारा खजिनदार बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत प्रत्येक सोसायटीत असतो. आमच्या धंद्यातही आहे. फक्त तो स्वतःहून सही करत नाही, त्याच्याकडून करवून घेतली जाते. माझ्या माहितीतल्या एका टीममध्ये सहाय्यक आल्यावर पुल रिक्वेस्ट भराभर वाढल्या. वाचणारी माणसं तेवढीच राहिली, आणि त्यातली निम्मी नुकती कॉलेजातून आलेली. हजार ओळींचा बदल, ‘संध्याकाळपर्यंत बघ’ असा निरोप, आणि खाली मंजुरीचं बटण. तेही हिरवंच.

‘सगळे रेपो’ निवडणारा वरच्या खुर्चीत बसतो. वेग वाढल्याचं कौतुक त्याचं होतं. रात्री दोन वाजता नाव मात्र त्या पोराचं निघतं. वाचायला वेळ न देता घेतलेली सही ही त्याने दिलेली संमती नव्हे, ती त्याच्याकडून काढून घेतलेली आहे. म्हणून परवानगी किती द्यावी याचं उत्तर सेटिंगच्या पानावर मिळत नाही. टीमला दिवसात नीट किती वाचता येतं, त्यावर ते ठरायला हवं. त्याहून जास्त परवानगी दिली तर वरचा भार कोणाच्या नावावर पडणार, हे देणाऱ्याने आधी सांगावं.

लिनक्स कर्नलच्या नियमांत आता लिहिलेलं आहे की एआयने ‘साइन्ड ऑफ बाय’ची ओळ घालायची नाही, ती फक्त माणसाने घालायची. सहाय्यकाचा उल्लेख वेगळ्या ओळीत. नियम बरोबर आहे. पण माणसाने ती ओळ न वाचताच घातली, तर नियमाला ते कळत नाही.

आमच्या प्रकल्पात सध्या सहाय्यकाला दोनच रेपो दिलेत. टोकन महिन्याने संपतं, मुख्य शाखेत त्याला लिहिता येत नाही. आणि ‘अजून वाचलेलं नाही’ एवढं लिहून कोणालाही पुल रिक्वेस्ट अडवता येते, कारण द्यावं लागत नाही. पहिले काही आठवडे कोणीच ते वापरलं नाही. मग टीममधल्या सगळ्यात नव्या मुलीने एक रिक्वेस्ट दोन दिवस अडवून धरली. मॅनेजर चिडले, दोनदा तिच्या टेबलापाशी जाऊन आले. तिने मान वर केली, ‘सर, सातशेव्या ओळीवर आहे,’ म्हणाली आणि पुन्हा वाचायला लागली.