शोक, श्रद्धा आणि समुपदेशन



दरवर्षी २ नोव्हेंबरला आपण कबरस्तानात जातो, मेणबत्त्या लावतो, फुले वाहतो आणि आपल्या मृतांसाठी मिस्सा मागतो. मृतांसाठी काय करावे हे ख्रिस्तसभेने आपल्याला चांगले शिकवले आहे. पण जे मागे राहिले त्यांचे काय? तरुण मुलगा गेलेली आई वर्ष उलटले तरी नीट जेवत नाही, झोपत नाही, कोणाशी बोलत नाही. कोणी तिला समुपदेशकाकडे नेण्याचे सुचवले, की लगेच कुजबुज सुरू होते : "प्रार्थना कमी पडली का? ती काय वेडी आहे?" म्हणून आज हा प्रश्न सरळ विचारू या. शोकात अशी मदत घेणे म्हणजे विश्वासात उणे पडणे का?

प्रथम प्रभू येशूकडे पाहू. लाजरसच्या कबरेजवळ येशूच्या डोळ्यांत अश्रू आले. आपण त्याला थोड्याच वेळात उठवणार आहोत हे येशूला ठाऊक होते, तरीही तो रडला. म्हणजे पुनरुत्थानावरील विश्वास आणि अश्रू एकमेकांचे वैरी नाहीत. संत पौलही थेस्सलनीकाच्या लोकांना शोक करू नका असे सांगत नाही. आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका, एवढेच सांगतो.

आता ईयोबाच्या मित्रांकडे पाहा. ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून राहिले. त्यांची सर्वांत मोठी सेवा तीच होती. त्यांनी तोंड उघडले, देवाच्या वतीने दुःखाची कारणे सांगू लागले, आणि तिथेच ते चुकले. आपणही मयताच्या घरी जाऊन "देवाची मर्जी", "रडू नको, त्याच्या आत्म्याला त्रास होतो", "मन घट्ट कर" असे म्हणतो. हेतू चांगला असतो. पण ऐकणाऱ्याला त्यातून एकच समजते, की आपले दुःख आता कोणाला ऐकायचे नाही.

आपल्या रीतिरिवाजांत शहाणपण आहेच. मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारचे भाकरी-पिठले घेऊन येतात, संध्याकाळी सगळे रोझरीला जमतात, आणि गेलेल्या माणसाच्या आठवणी पुन्हा पुन्हा निघतात. २०२० आणि २०२१ मध्ये कोरोनाने नेमके हेच हिरावून घेतले. कित्येकांना शेवटचे तोंडही पाहता आले नाही. ते दुःख अनेकांच्या मनात तसेच अडकून राहिले.

समुपदेशक काय करतो? तो दुःख विसरायला लावत नाही. ठरलेल्या वेळी, बंद दाराआड, निवाडा न करता तो ऐकतो. शेवटचा दिवस कसा गेला, काय बोलायचे राहून गेले, "लवकर नगरला नेले असते तर" ही टोचणी किती खरी आणि किती खोटी, हे तो हळूहळू बोलते करतो. कधी गेलेल्या माणसाला पत्र लिहायला सांगतो. ज्या खोलीत पाय टाकवत नाही तिथे थोडेथोडे जायला बळ देतो. विल्यम वर्डन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८२ साली शोकाची चार कामे सांगितली. आजच्या भाषेत ती अशी : मृत्यू खरोखर झाला हे स्वीकारणे, वेदना सोसणे, त्या माणसाविना जगायला शिकणे, आणि त्याच्याशी आठवणीचे नाते ठेवून आयुष्य पुढे नेणे. हे चौथे काम आपल्याला परके नाही. संतांची संगत मानणारे आपण लोक!

प्रत्येक शोक हा आजार नसतो. बहुतेकांना घरचे, शेजारी आणि काळ सावरतात. पण सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ दुःख तेवढेच तीव्र राहिले आणि रोजचे कामही होईनासे झाले, तर जागतिक आरोग्य संघटना त्याला उपचार लागणारी अवस्था मानते. मरणाचे विचार येऊ लागले, तर मात्र एक दिवसही थांबू नये.

आपल्या राहुरीशी जोडलेले एक नाव इथे आठवते. रेव्हरंड ना. वा. टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक काही काळ इथे राहिले. पंथाने ते प्रॉटेस्टंट, पण त्यांची पुस्तके आपल्याही घरांत आहेत. लक्ष्मीबाईंनी लहानग्या लेकरांचे मृत्यू सोसले, पतीच्या धर्मांतरानंतर काही वर्षांची ताटातूट सोसली, आणि १९१९ साली वैधव्य आले. त्या काळी समुपदेशक कुठले? पण त्यांनी दुःख दाबले नाही. आठवणी लिहून काढल्या, हसत-रडत, देवाशी भांडणही न लपवता. तीच त्यांची 'स्मृतिचित्रे'. टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन'ही त्यांनी पुढे नेले. सांगितलेले दुःख माणसाला मोडत नाही, हे त्यांच्याकडून शिकावे.

काही दुःखे मात्र आपणच बोलू देत नाही. घरात आत्महत्या झाली, की लोक त्या घरची पायरी चढायला कचरतात. १९१७ च्या धर्मविधिसंहितेत अशा व्यक्तीला ख्रिस्ती दफन नाकारण्याची तरतूद होती. १९८३ च्या संहितेत ती राहिली नाही. मनाच्या गंभीर विकाराने माणसाची जबाबदारी कमी होते आणि ख्रिस्तसभा अशांसाठीही प्रार्थना करते, असे कॅथोलिक धर्मशिक्षण सांगते. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदाही आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला तीव्र ताणाखाली असल्याचे गृहीत धरतो. ख्रिस्तसभेने दार उघडले, मग आपण ते का लावून घ्यावे? त्या घरच्या विधवेला आणि मुलांना आपली गरज इतरांपेक्षा जास्त आहे.

पाय मोडला तर आपण हाड बसवून घेतो आणि मतमाउलीला नवसही बोलतो. त्यात कोणाला विसंगती दिसत नाही. मग मन मोडले तरच का दिसावी? बरे करणारी बुद्धीही देवाचेच दान आहे. समुपदेशक पापक्षमा देऊ शकत नाही आणि मिस्सा औषधाची जागा घेत नाही. दोन्हींची गरज आहे.

सरकारची 'टेली मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र आणि मोफत मिळते, मराठीतही बोलता येते. क्रमांक लिहून ठेवा. आणि या आठवड्यात ज्या घरी गेल्या वर्षभरात मयत झाले असेल, तिथे एकदा जाऊन या. उपदेश नको. गेलेल्या माणसाचे नाव घ्या आणि ऐकत बसा.