गृहस्थाश्रमातील सहावे हिंसास्थान

वयोमानाने उन्हाळा सोसवेनासा झाला म्हणून गेल्या चैत्रात पुण्यातील आमच्या तीन मजली इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरील निजायच्या खोलीत, एसी बसवावा असे ठरले, सोसायटीकडे रीतसर अर्ज करून ना-हरकत दाखलाही मिळाला, आणि यंत्र घेऊन आलेल्या तरुण कारागिराने भिंतीला भोक पाडण्यापूर्वी सहजगत्या विचारले, "काका, आउटडोअर मागच्या डक्टमध्ये टाकू का? पाइप कमी लागेल." त्या डक्टकडे समोरच्या बिऱ्हाडातील स्वयंपाकघराची एकुलती एक खिडकी उघडते, आणि त्या खिडकीशी एक वृद्ध बाई दोन्ही वेळचा स्वयंपाक करतात. व्यवहाराच्या दृष्टीने प्रश्न चार हात तांब्याच्या नळीचा होता. मला मात्र तो तेव्हापासून धर्माचा प्रश्न वाटत आला आहे.

कारण हे यंत्र थंडी निर्माण करीत नाही. आतल्या पेटीच्या वेटोळ्यांतून वाहणारे द्रव्य वाफ होता होता खोलीतील उष्णता शोषून घेते, काँप्रेसर त्या वाफेवर दाब देऊन तिचे तापमान बाहेरच्या हवेहूनही वर चढवितो, आणि बाहेरच्या पेटीत ती उष्णता पंख्याच्या झोताबरोबर सोडून दिली, की तेच द्रव्य पुन्हा द्रवरूप होऊन आत येते. दीड टनाचे यंत्र याचा अर्थच असा, की अहोरात्रात दीड टन बर्फ वितळविण्यास लागेल तेवढी उष्णता ते खोलीतून उचलू शकते. उष्णता आपण होऊन थंड पदार्थाकडून उष्ण पदार्थाकडे जात नाही, हा क्लॉसियसने एकोणिसाव्या शतकात सांगितलेला नियम. तिला तसे न्यावयाचे तर श्रम खर्ची पडतात, आणि ते श्रमही अखेर उष्णता होऊनच बाहेर पडतात. म्हणून पूर्ण भाराने चालताना खोलीतून सुमारे ५ किलोवॉट उष्णता काढणारे यंत्र दीड किलोवॉट वीज घेऊन बाहेर साडेसहा किलोवॉट टाकते. माझ्या खोलीतून जेवढे दुःख निघाले, त्याहून अधिक दुसऱ्याच्या खिडकीशी पोहोचले.

कर्मसिद्धांताचा विचार करताना आपल्या दर्शनकारांनी दोन दोष अत्यंत गंभीर मानले: केलेल्या कर्माचे फळ कर्त्याला न मिळणे हा कृतनाश, आणि न केलेल्या कर्माचे फळ भलत्याच्याच पदरी पडणे हा अकृताभ्यागम. ज्या विश्वात हे दोन्ही घडू शकतात त्या विश्वात न्याय उरत नाही, असे त्यांचे म्हणणे. डक्टमध्ये बसविलेली ती पांढरी पेटी हे दोन्ही दोष एकाच वेळी, तेही ना-हरकत दाखल्यानिशी घडवीत असते. भोग माझा, ताप त्या बाईंचा.

यावर कोणी म्हणेल, की शीतोष्ण येतात आणि जातात, ते सहन करावे, असा उपदेश गीतेतच आहे. मग यंत्र हवे कशाला? तितिक्षेचे मोल मी कमी लेखीत नाही. परंतु तितिक्षा ही स्वतःपुरतीच आज्ञा आहे, दुसऱ्यावर बजावण्याचा हुकूम नव्हे. मे २०१० मध्ये अहमदाबादेत उष्म्याने शेकडो माणसे दगावली आणि २०१३ साली त्या शहराने उष्म्यापासून रक्षणाचा आराखडा आखला, तेव्हा थंडावा ही चैन नसून कित्येकांच्या प्राणांचा आधार आहे, हे कोणाही विचारी माणसाने मान्य केले पाहिजे. म्हाताऱ्याला किंवा आजाऱ्याला सोसण्याचा उपदेश करणे हा अधर्मच होय. आणि माझे यंत्र डक्टमध्ये बसविले असते, तर तितिक्षा मी सोडली असती आणि ती त्या बाईंच्या माथी लादली असती.

मला वाट दिसली ती मनुस्मृतीतील पंचसूनांच्या विचारात. त्या ग्रंथातील पुष्कळ गोष्टी आज त्याज्य आहेत. हा विचार मात्र मला फार प्रामाणिक वाटतो. चूल, पाटा-वरवंटा, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा ही गृहस्थाच्या घरातील पाच हिंसास्थाने म्हणून तेथे सांगितली आहेत. चूल विझवून टाका असे गृहस्थाला सांगितलेले नाही, आणि चूल निर्दोष आहे असेही सांगितलेले नाही. हिंसा अटळ आहे हे ओळखून रोजच्या पंचमहायज्ञांनी तिची फेड करावी, एवढेच सांगितले आहे. वातानुकूलन यंत्र हे आपल्या घरातील सहावे हिंसास्थान होय, आणि त्याचीही फेड असली पाहिजे. वैशाखात पाणपोई घालणारा, अक्षय्य तृतीयेला उदककुंभ देणारा आपला समाज थंडावा दुसऱ्याला द्यावयाची वस्तू मानीत आला. तो दुसऱ्याच्या वाट्यातून काढून घेण्याची सोय आपल्याला आताच झाली आहे.

कारागिराला मी गच्चीवर जागा दाखविली. वीस फूट नळी अधिक लागली, तिचा आकार वेगळा द्यावा लागला, आणि लांब नळीने यंत्राची शक्ती किंचित घटते हेही त्याने स्पष्ट सांगितले. यंत्र आम्ही २६ अंशांवर ठेवतो आणि पंखा सोबत चालू ठेवतो. एवढ्याने माझे ऋण फिटले असे मी मानीत नाही, कारण गच्चीवरची उष्णता शहराच्याच हवेत मिसळते. आणि यंत्रातील वायू गळाला तर तो कार्बन डायऑक्साइडच्या सहाशे पटींहून अधिक तापविणारा आहे, म्हणून दुरुस्तीच्या वेळी तो हवेत सोडून देऊ नये, असे मी प्रत्येक कारागिराला बजावून सांगतो.

ज्या वाचकांच्या घरी यंदा हे यंत्र बसावयाचे आहे, त्यांना माझी एकच विनंती आहे: जागा कायम करण्यापूर्वी दुपारी दोन वाजता शेजाऱ्यांच्या घरी जावे, त्यांच्या परवानगीने त्या खिडकीशी घटकाभर उभे राहावे, आणि मगच कारागिराला भोक पाडण्यास सांगावे.