डोळ्यांत टिपूस नाही!

समाचाराला जाणाऱ्या मंडळींत एक परीक्षक हटकून असतो. शेजाऱ्यांनी आणून दिलेला चहा तो मुकाट्याने पितो आणि जिना उतरता उतरता निकाल लावतो : "धाकटा फार रडला हो. थोरल्याच्या डोळ्यांत मात्र टिपूस नाही!" थोरला बिचारा पहाटेपासून गुरुजी, दाखला, गाडी, रामकुंड यांत अडकलेला. त्याला रडायला सवड दिली कुणी?

आमच्या गंगापूर रोडला ही भानगड नवी नाही. अशोक स्तंभाकडून निघालात की आधी आनंदवल्ली लागते. तिथे राघोबादादांचा वाडा होता. पुतण्याशी, म्हणजे माधवरावांशी बिनसले की दादा इथे येऊन बसायचे. रुसवा हीसुद्धा दुःखाचीच जात म्हणायची. फक्त तिचा बोभाटा पुण्यापर्यंत होतो.

तसेच पुढे गेलात की गंगापूर. तिथे दादांची भावजय, गोपिकाबाई राहत असत. १७६१ साली पानिपतावर विश्वासराव गेला, त्याच वर्षी नवरा, नानासाहेब. १७७२ मध्ये माधवराव गेला. पुढच्याच वर्षी नारायणरावाचा खून झाला, आणि ठपका आला तो दिरावरच! तीन कर्ते मुलगे गेले. या बाईने काय करावे? तिने नातवाला, सवाई माधवरावाला, पत्र धाडले. विलापाचे नव्हे, कसे वागावे, कसे राहावे याच्या कलमवार सूचनांचे! आमचे परीक्षक म्हणाले असते, "काय बाई तरी कडक!" मला ते पत्र म्हणजे हंबरडाच वाटतो. उरलेल्या एका पोराचा एक दिवससुद्धा हातून निसटू द्यायचा नाही, याला दुसरे काय म्हणायचे? १७८८ मध्ये ती गेली. १७९५ मध्ये तो नातूही शनिवारवाड्यात वरून पडून गेला. तेवढे तिला पाहावे लागले नाही.

आमच्या बिल्डिंगमधल्या आजी गेल्या, तेव्हा आजोबांनीही टिपूस काढले नाही. तेरावा झाला आणि स्वारी गच्चीवरच्या टाकीच्या मागे लागली. रोज सकाळी बरोब्बर सहाला वर जाऊन पाणी सोडणार, वर सगळ्यांवर खेकसणार. "शोक बघा यांचा!" असे जिन्यात सर्वांनी म्हणून झाले. पाणी सोडायचे काम इतकी वर्षे आजी करत होत्या, हे कुणाच्या लक्षातच नव्हते.

आजोबा अजून खेकसतात. आम्ही निमूट बादल्या भरून घेतो.