जमिनीचा धर्म

नेवाशाच्या काळ्या रानात पावसाळ्यात अरुंद टायर शहाणा की रुंद, याचं उत्तर चिखल किती खोल यावर आहे. वर वीतभर राबडी आणि खाली मुरूम असेल तर अरुंद टायर चिखल कापत मुरमाला टेकतो. खाली टणक काही लागतच नसेल तर रुंद टायर वजन पसरवून वरच्या वर निघतो. महायुद्धातल्या विलीस जीपला सहा इंची टायर होते, आजच्या थारला 255 मिलिमीटरचे, म्हणजे दहा इंची. म्हणून जुनी जीप अडाणी ठरत नाही. याच नेवाशात 1290 साली गीतेवरची ज्ञानेश्वरी सांगितली गेली. गीतेतल्या स्वधर्माचा अर्थ मला या हिशेबात अधिक स्वच्छ दिसतो: योग्य काय, हे चाकाला विचारायचं नसतं, जमिनीला विचारायचं असतं.

मग सगळंच सापेक्ष झालं, असं कोणी म्हणेल. पण आवडीनुसार बदलतं ते लहरी. जमीन कोणाची आवड विचारत नाही. नगर-पुणे डांबरावरच धावणाऱ्या गाडीला रुंद, खोल नक्षीचे टायर घातले की डिझेल जास्त जातं. दोष एकट्या रुंदीचा नाही, हेही खरं. हवेचा दाब सारखा ठेवला तर रुंद टायर डांबरावर किंचित हलकाच लोळतो. पण त्याचं वजन, त्याला होणारा वाऱ्याचा अडथळा आणि नक्षीच्या ठोकळ्यांची वळवळ तो फायदा खाऊन वर हात पसरतात. चिखल कधी न पाहणारे असे टायर बहुधा शेजाऱ्याने पाहावेत म्हणून असतात. तेराव्या अध्यायात ज्ञानेश्वर अदंभित्वावर, म्हणजे दिखावा न करण्यावर, एवढे रेंगाळतात ते उगाच नाही.

खरा आक्षेप वेगळा आहे. स्वधर्म म्हणत म्हणत माणसांना पिढ्यान्‌पिढ्या जन्माच्या खुंट्याला बांधलं गेलं. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ती चूक धर्म जमिनीऐवजी चाकाच्या जन्मात शोधण्याची होती. चाक तेच राहूनही त्याचं योग्य वागणं जमिनीप्रमाणे बदलतं. अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या खडकाळ वाटेवर जाणकार चालक टायर तोच ठेवतो, हवा तीस पीएसआयवरून वीसवर आणतो. टायर बसतो, त्याचा ठसा लांबतो, दगडाला धरून चालतो. डांबर लागलं की तोच माणूस कडेला थांबून पुन्हा तीस भरतो, कारण कमी हवेवर वेगात पळवलं तर टायरच्या बगला तापतात आणि फुटतात.