शाळा सोडल्याचा दाखला

आमच्या सालेकसा तालुक्यातून पूर्वेकडे गाडी निघाली की दरेकसा येतं, मग बोगदा, आणि थोड्याच वेळात तुम्ही छत्तीसगडात असता. आमगाववरून लांजीचा रस्ता धरला तर मध्य प्रदेश. त्यामुळे परराज्यात जाणं ही आमच्याकडे विलायतेला जाण्याची गोष्ट नाही. नवरात्रात डोंगरगडला बम्लेश्वरीच्या पायऱ्या चढतो, लांजीकडे मुली देतो, तिकडून सुना आणतो, धानाला कोणत्या बाजूला काय भाव आहे याची खबर ठेवतो. राज्याची हद्द आम्हाला बोचते ती दोनच ठिकाणी : तहसीलच्या खिडकीपाशी आणि शाळेच्या दारात.

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत मास्तर होतो. म्हणून हद्द ओलांडणारे लोक निघण्याआधी एकदा माझ्या ओसरीवर येऊन बसतात. प्रश्न ठरलेला. "गुरुजी, तिकडची शाळा चांगली हाय का जी?" दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात माझा पुतण्याही हाच प्रश्न घेऊन आला. राजनांदगावकडच्या एका राइस मिलमध्ये त्याला फिटरचं काम मिळत होतं. पगार गोंदियाच्या मिलपेक्षा बरा, राहायला खोली. मुलगी पाचवीत जाणार, मुलगा दुसरीत. सूनबाई चौकटीला टेकून उभी होती, आणि मी तिला नीट ओळखतो म्हणून सांगतो, प्रश्न तिचा होता, विचारायला नवऱ्याला पुढे केलं होतं.

चांगली शाळा म्हणजे काय, हे मास्तरला विचारणं म्हणजे वैद्याला तब्येत म्हणजे काय असं विचारणं. उत्तर येतं, पण ते ऐकणाऱ्याच्या कामाचं नसतं.

आधी जुनी गोष्ट सांगतो. १९५६ च्या १ नोव्हेंबरपर्यंत आम्ही आणि बालाघाटवाले एकाच राज्यात होतो, राजधानी नागपूर. त्या दिवशी आमचा भंडारा जिल्हा मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. (गोंदिया वेगळा जिल्हा झाला तो १९९९ ला, फार नंतर.) माझी आत्या लांजीकडे दिलेली. घरी दोन्हीकडे पोवारीच बोलायचे, आंबील तीच, रोवण्याची गाणी तीच, पण आत्याची पोरं शाळेत हिंदी शिकली आणि आम्ही मराठी. खरं म्हणजे मराठी ही आम्हालाही शाळेतच भेटलेली भाषा. तेव्हा एका घराच्या दोन फांद्या दोन राज्यांच्या शाळांत गेल्या, असा प्रयोग आमच्या घरात आपोआप झाला. पुढे काय झालं? इकडे दोघं मास्तर झाले, तिकडे एक मास्तर आणि एक पटवारी. इकडे दोघं शेतीत राहिले, तिकडेही तेवढेच. कोण पुढे शिकलं आणि कोणाचं सुटलं हे पाहायला गेलो तर मराठी-हिंदीचा हिशेब लागत नाही. ज्याच्या गावापासून हायस्कूल सायकलीच्या टप्प्यात होतं तो शिकला. मनोहरभाई पटेलांच्या गोंदिया शिक्षण संस्थेच्या शाळा ज्या भागात निघाल्या तिथली पोरं दहावीपर्यंत गेली, आणि जिथे मध्ये नाला होता तिथली पावसाळ्यात घरी बसली. मुलींचं तर नाल्यापर्यंतही जात नव्हतं.

म्हणून कोणी मला 'महाराष्ट्राचं शिक्षण चांगलं का छत्तीसगडचं' असं विचारलं की मी गप्प बसतो. प्रथम संस्थेची माणसं २००५ पासून खेड्यापाड्यांत घरोघर जाऊन पोरांना वाचायला लावतात, 'असर' नावाची पाहणी. २०१८ च्या पाहणीत देशभरातल्या ग्रामीण भागात पाचवीतल्या साधारण निम्म्याच मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. हा आकडा देशाचा. राज्यांचेही निघतात, वर्तमानपत्रात तक्ता येतो, कोणाचा नंबर वर कोणाचा खाली. पण पोरगी तक्त्यात बसत नाही, एका वर्गात बसते. आमच्याच केंद्रात तीन किलोमीटरवर दोन शाळा आहेत, एकीत चौथीची पोरं हातच्याची वजाबाकी तोंडी करतात, दुसरीत सातवीतला पोरगा भागाकार दिसला की पेन्सिल टोकरत बसतो. राज्य एक, जिल्हा परिषद एक, पुस्तक बालभारतीचं एक.

पुतण्याला म्हटलं, आधी जाऊन पाहून ये. गेटवरचा निकालाचा बोर्ड पाहू नकोस, टाय पाहू नकोस. दुपारी जेवणानंतर जा, सकाळी सगळ्याच शाळा चांगल्या असतात. शेवटच्या ओळीतल्या पोराला दोन ओळी वाचायला सांग. वही पाहा : लाल शाईची बरोबरची खूण चुकीच्या गणितावर असेल तर उलट्या पावली परत ये. मुलींच्या संडासाला कुलूप आहे का पाहा. आणि जमलं तर रोवण्याच्या दिवसांत जा. आमच्याकडे जुलै-ऑगस्टात सगळे बांधीत असतात, तेव्हा वर्गात किती पोरं आणि किती मास्तर, त्यावरून सगळं कळतं.

तो गेला, दोन शाळा पाहून आला. एक सरकारी, एक इंग्रजी नावाची. सरकारी बरी वाटली म्हणाला, पोरं वाचत होती. अडचण वेगळीच निघाली. मुलीने तिथल्या एका पोरीचं गणिताचं पुस्तक उघडलं तर 'भिन्न' नावाचा धडा. तिला अपूर्णांक छान येतात, पण भिन्न म्हणजे आपल्याकडे निराळं, वेगळं. लिपी तीच, आकडे तेच, घरात अर्धी हिंदी कानावर असतेच, म्हणून भाषा आड येत नाही असं आम्ही मोठी माणसं म्हणतो. पोर मात्र या एकेका शब्दाशी ठेचकाळतं. परिमितीचं परिमाप होतं. सहा महिन्यांत सुटतं ते सगळं. पण ते सहा महिने हुशार पोर वर्गात ढ ठरतं. आमच्या नातीने मला तेवढंच विचारलं, "आजोबा, तिथं माझा पयला नंबर राहील का?" मी नाही म्हणालो. पहिल्या वर्षी नाही राहणार.

मग कागद निघाले. आमच्यातल्या एका शिकलेल्या नातेवाइकाने सांगितलं, पोरीला डॉक्टर करायची असेल तर इथेच ठेवा. यात खोटं काही नाही. सरकारी मेडिकलच्या ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यातल्या, आणि महाराष्ट्राच्या कोट्याला, थोडे अपवाद सोडले तर, दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते. तिकडच्या कोट्याला तिकडचा निवासाचा दाखला. जातीच्या सवलतीचंही तेच. आदिवासी शेजाऱ्यांना तर हे जास्त झोंबतं. नोकरीसाठी बोगद्यापलीकडे गेलेल्या माणसाला इकडच्या राज्याच्या यादीवर तिकडच्या सवलती मागता येत नाहीत, हे सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी १९९० सालीच सांगून ठेवलं आहे. कचारगडच्या यात्रेला दोन्हीकडचे गोंड एकाच रांगेत उभे राहतात, पण तहसीलच्या खिडकीवर त्यांची जमात हद्दीपाशी थांबते.

तेव्हा सल्ला आला : पोराला घेऊन जा, पोरीला आजीपाशी ठेवा. आमच्याकडे हे फार चालतं. मिरची तोडायला तेलंगणात जाणारेही तसंच करतात, तिथे तर दुसरा इलाजच नसतो. पण इथे इलाज होता. मी त्याला विरोध केला, आणि अजूनही माझं मत तेच आहे. दहा वर्षांच्या पोरीने आईपासून दूर राहायचं, कशासाठी? आठ वर्षांनी कदाचित मिळणाऱ्या एका जागेसाठी. शाळेचा दर्जा मोजताना रात्री पोरीच्या शेजारी कोण निजणार हेही मोजलं पाहिजे. ते कोणत्याच पाहणीत येत नाही. दहावीला पाच वर्षं आहेत, नववीच्या आधी पाहू, असं मी म्हटलं. मुलगा जातो आणि मुलगी राहते, यातली पंगतभेदाची गोष्ट मी बोललो नाही. सूनबाईच्या ती आधीच लक्षात आली होती.

इथपर्यंत त्यांच्या बाजूने बोललो. आता दुसरी बाजू.

आमच्या गावच्या शाळेचा पट होता एकवीस. पहिली ते पाचवी, दोन मास्तर. २०२३ मध्ये सरकारने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढायचं मनात आणलं, तेव्हा राज्यभर आरडाओरड झाली. तेव्हापासून वीस हा आकडा गावच्या डोक्यावर लटकलेला. पुतण्याची दोन पोरं गेली की उरले एकोणीस. गावात कुजबुज सुरू झाली, मास्तरच्याच घरचे शाळा बुडवतात.

मी यावर पुष्कळ विचार केला. पोर म्हणजे मांडवाचा खांब नव्हे. शाळा उभी राहावी म्हणून आपलं पोर तिथे गाडून ठेवा, असं कोणत्याही बापाला सांगायचा गावाला अधिकार नाही. तसं बोलणाऱ्यांतल्या तिघांची पोरं व्हॅनमधून सालेकशाच्या कॉन्व्हेंटात जातात, हेही सांगून टाकतो. पण म्हणून जाण्याचं काहीच देणं लागत नाही, असंही नाही.

सूनबाई शाळा व्यवस्थापन समितीत होती. शिक्षण हक्क कायद्याने या समितीत पाऊण सदस्य पालक असतात आणि निम्म्या बाया. बहुतेक गावांत सह्या घरी जाऊन घेतात. ही सभेला बसायची. टाकीवर मोटर नव्हती, मुली संडासाला घरी पळायच्या. हिने ग्रामपंचायतीत चार चकरा मारून मोटर बसवून घेतली. रोवण्याच्या दिवसांत घरोघर जाऊन पोरं शाळेत आणून सोडायची. आता सांगा, आमची शाळा बरी होती असं आपण म्हणतो, त्यातला किती भाग शाळेचा आणि किती हिचा? चांगली शाळा शोधायला निघालेली बाई शाळेतला चांगुलपणा पदरात बांधून नेत होती, आणि तिला ते ठाऊक नव्हतं. शाळा काही विहीर नव्हे, की पाणी गोड निघालं तर उतरायचं नाहीतर पुढे जायचं.

भिलाईचं उदाहरण लोक देतात. १९५९ ला तिथली पहिली भट्टी पेटली, आमच्याकडचे कितीतरी तिकडे लागले, आणि कारखान्याच्या शाळांचं नाव झालं. झालंच पाहिजे होतं. वर्गातल्या प्रत्येक पोराच्या घरी महिन्याच्या महिन्याला पगार यायचा, दिवा होता, बाप संध्याकाळी वही पाहायचा. ज्यांच्या घरी हे नव्हतं त्यांची पोरं त्या वर्गात नव्हतीच. चांगली शाळा शोधणं म्हणजे पुष्कळदा चांगल्या घरची सोबत शोधणं. आपण तिला दर्जा म्हणतो. मी हे दोष म्हणून सांगत नाही, सगळेच आईबाप करतात. फक्त सोडून गेलेल्या वर्गात कोण उरतं, तेही त्याच वजनात धरावं. आणि नव्या गावात ही बाई भाडेकरू, बाहेरची, अडखळत हिंदी बोलणारी. तिथली शाळा आमच्यापेक्षा सरस असली तरी तिथे हिचा आवाज नाही. तो मिळेपर्यंत ती शाळा हिच्या पोरांना तेवढी सरस नाही.

मी पुतण्याला एवढंच म्हटलं, कामासाठी जातोस तर कामासाठी जातो म्हण. 'पोराच्या शिक्षणासाठी' म्हणू नको. त्या शब्दाने इथल्या एकोणीस पोरांचा उगाच अपमान होतो. तो हसला, सूनबाई हसली नाही.

जूनमध्ये टीसी काढायला गेले तर चकरा सुरू झाल्या. आज शिक्का नाही, उद्या या. पट कमी होतो म्हणून हे चालतं, कोणत्याही गावात विचारा. २००९ च्या कायद्याच्या पाचव्या कलमात लिहिलं आहे, राज्याबाहेरच्या शाळेत जायचं असलं तरी दाखला ताबडतोब द्यायचा, आणि तो उशिरा आला म्हणून नव्या शाळेने पोराला अडवायचं नाही. मी ते पान छापून सूनबाईच्या हातात दिलं. ती एकटी गेली आणि तासाभरात दोन्ही दाखले घेऊन आली. सगळे मिळूनच गेले, मुलगीसुद्धा.

दिवाळीनंतर मंडईला आले तेव्हा नातीने वही दाखवली. भिन्न येतात. नंबर अकरावा. सूनबाईला विचारलं, तिथल्या समितीच्या सभेला जातेस का? "जातो जी काकाजी," म्हणाली (आमच्याकडे बायाही 'जातो'च म्हणतात), "मागं बसतो. अजून बोललो नाही." इथे समितीत तिच्या जागी एक नाव चढवलं आहे, सही घरून येते. शाळा अजून सुरू आहे, पट एकोणीसच. मोटर पोळ्यापासून बंद पडली आहे.