आजीचा रविवार

आजी गेल्यावर तिच्या पत्र्याच्या पेटीत तीन वस्तू निघाल्या: कापडात बांधलेलं पवित्र शास्त्र, गीतांचं पुस्तक आणि फक्त रविवारी नेसायचं पांढरं लुगडं. नगरला अमेरिकन मिशन आलं 1831 साली. त्याच परंपरेतल्या एका खेड्यातल्या मंडळीत आजीचं आयुष्य गेलं. लहानपणी मला तिच्या विश्वासाचा अर्थ एवढाच ठाऊक होता: रविवारी उपासना, आणि विटीदांडू बंद.

पुढे वडिलांनी 1972 च्या दुष्काळातली गोष्ट सांगितली. अख्खं गाव खडी फोडायच्या कामावर होतं. मजुरी मापावर. आजी रविवारी हातोडा उचलत नसे. "देव भाकरी आणून देणार का गं?" मुकादम विचारी. ती उत्तर देत नसे. सोमवारी मात्र अंधारातच उठून जाई आणि दोन दिवसांची खडी एका दिवसात फोडायला बसे. हाताला फोड येत.

ऐकून मला तिचा अभिमान नव्हे, रागच आला. घरात पोरं अर्धपोटी असताना वार पाळायचा, हा कसला विश्वास? हा हट्ट, असं मी कॉलेजात ठासून सांगे.

हट्टच होता तो. पण कशासाठी, हे कळलं नारायण मेघाजी लोखंड्यांविषयी वाचताना. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली 10 जून 1890 रोजी, ती त्यांच्या लढ्यामुळे. लोखंडे सत्यशोधक, चर्चशी त्यांचा संबंध नव्हता. त्यांच्या लेखी रविवार खंडोबाचा. देव कोणताही असो, थकलेली पाठ तीच होती.

मग आजीचंच शास्त्र उघडलं. दहा आज्ञा त्यात दोनदा येतात. निर्गम या पुस्तकात विसाव्याचं कारण आहे सृष्टीची निर्मिती: सातव्या दिवशी देवानेही विसावा घेतला. अनुवाद या पुस्तकात कारण बदलतं: तुम्ही मिसरात गुलाम होता याची आठवण ठेवा, आणि तुमच्या दासदासींनाही तुमच्यासारखाच विसावा मिळू द्या. यहुद्यांचा शब्बाथ शनिवारचा. ख्रिस्ती मंडळीने पुनरुत्थानाचा वार धरला. गाभा मात्र तोच राहिला. ज्याचा एकही दिवस स्वतःचा नाही, तो गुलाम. आजी मुकादमाला सहा दिवस देत होती. सातवा तिने कधीच मापाला घातला नाही.

आजीचं कोडं सुटलं म्हणून मी शास्त्र मिटणार होतो. 'दासदासी' या शब्दापाशी बोट थांबलं. दर रविवारी साडेआठला आम्ही उपासनेला निघतो, तेव्हा कामाच्या मावशी आमची भांडी घासत असतात. आजीचा विश्वास मला समजला होता. तो पाळायची किंमत मात्र मावशी मोजत होत्या, माझ्या वाट्याचं काम करून.

आता रविवारची भांडी मी घासतो. पगार कापत नाही. मावशींनी पहिल्यांदा विचारलं, "काही चुकलं का माझं?"


"नाही," म्हटलं, "माझं चुकत होतं."